२५ मीटरवरची नंबरप्लेट

कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेर ट्रेलरची रांग लागली आहे. माल भरून कागद हातात पडेपर्यंत ड्रायव्हर मोकळे असतात, म्हणून डोळे तपासायचा मांडव नेमका इथंच टाकलाय. खांबाला तक्ता टांगलाय आणि मोजून सहा मीटरवर प्लॅस्टिकची खुर्ची. तक्त्यावर फक्त इंग्रजी ‘ई’चा आकार, चारही दिशांना तोंड केलेला. वाचता येत नसलं तरी हातानं दिशा दाखवता येते.

रांगेतले दोघंतिघं ओठ हलवत तक्ता पाठ करतायत. वर, डावीकडं, खाली... तपासणाऱ्या ताई काही न बोलता उठतात आणि तक्ता उलटा टांगतात. या पाठांतराचं मला वाईट वाटतं. डोळ्यांत दोष निघाला तर मालक गाडीवरून उतरवेल, ही त्यामागची भीती खरी आहे.

खुर्चीवर आता पन्नाशीतले एक मामा आहेत, लातूरकडचे. उजव्या डोळ्यानं ते शेवटच्या ओळीपर्यंत झरझर येतात.

“आता उजवा झाका, मामा.”

ते तळहात डोळ्यावर धरतात. बोटांत बारीक फट राहते. ताई त्यांचा हात अलगद खाली घेतात आणि पुठ्ठ्याची चकती देतात. पहिली ओळ. दुसरी. तिसरीला मामांचा हात हवेतच थांबतो.

“मघाशी तर दिसत हुतं की.”

उजवा डोळा इतके दिवस डाव्याचं भागवून नेत होता.

“रात्री समोरच्या लाइटी फुटतात का?”

“फुटत्यात. पाऊस असला तर रस्ताच दिसत न्हाई. समद्यांनाच हुतं ना तसं?”

बॅटरीच्या उजेडात डाव्या डोळ्याची बाहुली दुधाळ दिसते. मोतीबिंदू.

“लायसन जाईल का माझं, ताई?”

“आधी ऑपरेशन करून घ्या. मग परत तपासू. चष्मा लावून नीट दिसलं तरी चालतं, मामा.”

शेजारच्या टेबलावर रंगांधळेपणाची तपासणी चालू आहे. ठिपक्यांच्या रंगीत पानांतून कुणी ‘बारा’ वाचतोय. ते पहिलं पान सगळ्यांनाच वाचता येतं. खरी परीक्षा त्यापुढच्या पानांवर असते.

मालवाहू गाडीचं लायसन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, आणि त्यासाठी नमुना १-अ हा वैद्यकीय दाखला लागतो. चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट ओळखता येते का? तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा आहे का? रातांधळेपणा आहे का? प्रश्न अगदी नेमके आहेत, डॉक्टरनं ते विचारले तर. मामा सांगतात, मागच्या वेळी नाव विचारलं, पैसे घेतले आणि मान वर न करता शिक्का मारला. ताशी ६० च्या वेगानं २५ मीटर दीड सेकंदात संपतात. भरलेला ट्रेलर तेवढ्यात थांबत नाही.

मामांची तपासणी पाच मिनिटांत झाली. हातात चिठ्ठी घेऊन ते अजून ट्रेलरपाशी उभे आहेत, मालकाला फोन करावा की नाही या विचारात.

गाडीमालकांनो, तो फोन आला तर शांतपणे ऐकून घ्या. ऑपरेशनच्या दिवसांचा पगार कापू नका, आणि बरा झालेल्या माणसाला त्याच्याच गाडीवर परत घ्या.