विषाची प्रतवारी आणि कारखान्याचा कायदा

इटलीच्या उत्तर भागात, मिलान शहरापासून जवळच असलेल्या मेदा या गावच्या एका रासायनिक कारखान्यातून 10 जुलै 1976 रोजी भर दुपारी जो विषारी वाफेचा लोट बाहेर पडला, तो शेजारच्या सेवेसो गावावर उतरला. त्यात डायॉक्सिन नावाचे, अत्यल्प मात्रेतही घातक असे द्रव्य होते ही गोष्ट रहिवाशांना वेळेवर कळली नाही, आणि पहिली कुटुंबे घराबाहेर हलवण्यास 26 जुलै उजाडला. या गावाचे नाव पुढे युरोपातील एका कायद्यास चिकटले. मोठ्या औद्योगिक अपघातांसंबंधी 1982 साली निघालेला तो ‘सेवेसो निर्देश’ 1996 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये नव्याने लिहिला गेला.

द्रव्य किती घातक आणि आवारातील साठा किती, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर या कायद्याचा सारा डोलारा उभा आहे. साठा पहिल्या मर्यादेस पोचला की कारखानदाराने सरकारदप्तरी वर्दी द्यावी आणि अपघात टाळण्याचे धोरण लेखी मांडावे. दुसरी मर्यादा गाठली की सुरक्षा-अहवाल व आवारातील संकटकालीन योजना त्याच्यावर बंधनकारक होते, आणि कुंपणाबाहेरील वस्तीसाठी योजना आखण्याची जबाबदारी सरकारकडे येते. काही द्रव्ये नावानिशी नोंदलेली आहेत. 1984 साली भोपाळमध्ये ज्याने हजारोंचे प्राण घेतले त्या मिथिल आयसोसायनेटची मर्यादा आरंभी एक टन होती, ती त्या दुर्घटनेनंतर 150 किलोग्रॅमवर आणली गेली. भोपाळच्या टाकीत ते सुमारे 40 टन होते. परंतु असंख्य द्रव्यांना या यादीत नाव नाही, केवळ वर्ग आहे, आणि तो वर्ग ठरवणारा कायदा मात्र वेगळाच आहे.

तो कायदा पिंपावरच्या चिठ्ठीचा. पिंप उचलणारा हमाल, ते विकणारा दुकानदार, ते वापरणारा कामगार यांना सावध करणे हा त्याचा मूळ हेतू. संयुक्त राष्ट्रांनी सर्व जगासाठी धोक्यांची एकच प्रतवारी आखल्यावर युरोपने 2008 साली ती स्वीकारली, आणि 1 जून 2015 पासून ती पूर्णपणे अमलात आली. त्याच दिवसापासून तिसऱ्या सेवेसो निर्देशाचा अंमल सुरू झाला, हा योगायोग नव्हे: चिठ्ठीवरचे वर्ग बदलले की त्यांवर बेतलेला कारखान्यांचा कायदाही बदलावा लागतो.

ज्यांस हा केवळ कारकुनी फेरफार वाटेल त्यांनी आकड्यांकडे पाहावे. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात तिच्यावरून विषाची तीव्रता मापतात. तोंडावाटे पोटात जाणाऱ्या विषापुरते बोलायचे तर, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ही मात्रा 25 मिलिग्रॅमपर्यंत असलेले द्रव्य जुन्या रीतीने ‘अतिविषारी’, आणि 200 पर्यंतचे ‘विषारी’ ठरे. नव्या प्रतवारीत पहिला वर्ग 5 पर्यंत, दुसरा 50 पर्यंत, तिसरा 300 पर्यंत. म्हणजे जुनी रेघ कोठेही नव्या रेघेवर येत नाही. तिन्ही वर्ग कायद्यात घेतले, तर आजवर मोकळी असलेली द्रव्ये त्यात सापडतात. तिसरा गाळला, तर आजवर बांधलेली मोकळी सुटतात.

यावर तोडगा निघाला तो मला मूलतः विवेकाचा वाटतो. पहिल्या वर्गास 5 आणि 20 टनांच्या मर्यादा लावल्या. दुसऱ्या वर्गास, आणि तिसऱ्यापैकी श्वासावाटे बाधणाऱ्या द्रव्यांस, 50 आणि 200 टनांच्या. तोंडावाटे बाधणारे तिसऱ्या वर्गाचे विष, ते श्वासातून वा त्वचेतून कितपत बाधते याचे वर्गीकरण करता येत नसेल तेव्हाच या कायद्याखाली येते. फुटलेल्या टाकीतून निघालेला वायू शेजारची वस्ती श्वासातून घेते, तो कोणी पीत नाही, हा त्यामागचा विचार आहे. तथापि तोंडावाटे 5 ते 25 मिलिग्रॅमच्या मात्रेत मारणारे, आणि इतर मार्गांनी पहिल्या वर्गात न बसणारे द्रव्य पूर्वी 5 टनांस कायद्यात अडकत असे, ते आता 50 टनांपर्यंत मोकळे राहते, हेही विसरता येत नाही.

उलट दिशेचे उदाहरण भट्टीच्या जड तेलाचे. नव्या निकषांनी ते जलचरांस घातक ठरले. त्या वर्गाची मर्यादा 100 टनांची असल्याने तेलाच्या साध्या टाक्याही कायद्याच्या कक्षेत आल्या असत्या. म्हणून त्यास पेट्रोलजन्य पदार्थांच्या नोंदीत बसवून 2,500 टनांची मर्यादा दिली गेली. ज्वालाग्राही द्रवांविषयी असेच बारकावे आहेत; ते तज्ज्ञांवर सोपवू.

आपल्याकडे 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 1989 साली घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे नियम निघाले, त्यांची परिशिष्टे व विषाची मोजपट्टी स्वतंत्र आहे. त्याच नियमांनुसार अपघाताची झळ ज्यांस लागू शकते अशा कुंपणाबाहेरील लोकांस धोक्याचे स्वरूप आणि प्रसंगी काय करावे, काय करू नये, हे सांगण्याचे दायित्व कारखानदारावर आहे. डोंबिवली, अंबरनाथ, तारापूर वा लोटे येथील कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या वाचकांनी ही माहिती आपणास मिळाली आहे काय याची खातरजमा करावी, आणि मिळाली नसेल तर ती लेखी मागावी.