राउटरवरची मर्यादा आणि वाटणीचा न्याय

मागच्या व्याख्यानानंतर एकानं विचारलं, "सर, पैसे मोजून घेतलेल्या इंटरनेटवर आपणच राउटरमध्ये वेगमर्यादा घालायची, हा उलटा न्याय नाही का?" प्रश्न चांगला आहे.

आपण नीरा डाव्या कालव्याच्या टेलची माणसं. वरच्यांनी हवं तेवढं घेतलं तर आपल्यापर्यंत काय पोहोचतं, हे इंदापूरकराला सांगायला नको. म्हणून तर शेजपाळी आली. मर्यादा म्हणजे शिक्षा नव्हे, पाळी आहे.

घरात काय होतं बघा. एक मोबाईल फोटोंचा बॅकअप चढवू लागतो आणि शेजारच्या खोलीतला ऑनलाइन वर्ग अडखळतो. माहितीची पाकिटं मोडेममध्ये रांगेत तुंबतात, आणि त्या रांगेवर आपला ताबा नसतो. यावर उपाय असा: अपलोड खरोखर १० एमबीपीएस मिळत असेल, तर राउटरवर ९ ची मर्यादा घाला. आता रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते, आणि कुणाला आधी सोडायचं ते राउटर ठरवू शकतो. लॅन पोर्टवर १०० किंवा १००० दिसतं, तो तारेचा वेग. त्याचा इथे संबंध नाही.

डाउनलोडचं काय? येणारं पाणी आपण थेट अडवू शकत नाही. पण राउटरनं काही पाकिटं गाळली की पाठवणारा स्वतःच वेग कमी करतो. हा शहाणपणा ठेच लागून आला. १९८६ साली बर्कलेत जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला होता. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये गर्दी टाळण्याची रीत मांडली.

मात्र कालव्याची उपमा एका ठिकाणी थांबते. धरणातलं पाणी उद्यासाठी राखता येतं. न वापरलेला सेकंद राखता येत नाही. म्हणून प्रत्येक यंत्राला सरसकट २ एमबीपीएसचं कुंपण घालणं चूक आहे. बाकीचे झोपलेले असताना जागा असणाऱ्यानं का अडावं? सोय असेल तर दोन आकडे द्या: किमान हमी आणि कमाल मर्यादा. गर्दीत प्रत्येकाला हमीइतकं मिळेल, आणि मोकळं असेल तेव्हा उरलेलं उसनं घेता येईल.

न्याय म्हणजे सगळ्यांना सारखंच अडवणं नव्हे. गर्दीच्या वेळी टेलच्या माणसालाही त्याचा वाटा मिळाला पाहिजे, एवढंच. आता प्रश्न विचारा.