मण्यार चावते तेव्हा कळतही नाही

बीडमध्ये वन्यजीव वाचवणारे म्हटलं की शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावचं 'सर्पराज्ञी' केंद्र आठवतं. पण साप पकडण्याइतकंच मोठं काम सर्पमित्र आणखी एक करतात: चावलेल्या माणसाला वेळेत दवाखान्यात पोचवणं.

आपले ऊसतोड कामगार कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री फिरते. तिचा चावा फारसा दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटतं, अपचन झालं! घोणस चावली तर उलट, सूज आणि असह्य वेदना. तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं; ते गोठतंय का हे बघायला डॉक्टर साध्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष एकच; म्हणून साप मारून सोबत नेऊ नका.

आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन लावा. २०१४ पासून ही रुग्णवाहिका मोफत आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालयही आहे. ही पोस्ट ऊसतोडीच्या मुकादमांच्या ग्रुपवर नक्की टाका.