टिपणवही, भाग ६ : शोधता शोधता लिहा

मागच्या आठवड्यात टिपणं साध्या टेक्स्ट फाइलींत का ठेवावीत, ते पाहिलं. आता प्रश्न असा की फाइली हजारावर गेल्या, तर हवी ती सापडणार कशी?

परवा सकाळी टाकीची मोटर चालू होईना. मागच्या पावसाळ्यात कपॅसिटर बदलला होता, त्याची नोंद मी नक्की केली होती. पण कुठे? ‘घर’ या फोल्डरमध्ये, ‘दुरुस्ती’त की ‘खर्चा’त? लिहिताना माझ्या डोक्यात पैसे होते म्हणून ती ‘खर्चा’त गेली, आणि शोधताना डोक्यात मोटर होती म्हणून मी ‘दुरुस्ती’ उपसत बसलो. नीट रचलेल्या फोल्डरांवरचा माझा विश्वास त्या दिवशी उरलासुरलाही गेला.

या दुखण्यावरचा उतारा जुना आहे. झॅकरी श्निरोव्ह यांचा ‘नोटेशनल व्हेलॉसिटी’ हा मॅकवरचा छोटासा प्रोग्राम 2002 मध्ये आला. वर एकच चौकट, खाली टिपणांची यादी, आणि निवडलेल्या टिपणाचा मजकूर. चौकटीत ‘मो’ लिहिलं की यादी आकसायची, ‘मोट’ लिहिलं की आणखी आकसायची. शोध शीर्षकात आणि मजकुरात एकदमच चालायचा. हवं ते दिसलं की एंटर दाबून थेट त्या टिपणात लिहायला लागायचं. आणि काहीच सापडलं नाही तर? तेव्हाही एंटरच. चौकटीत जे लिहिलं होतं तेच शीर्षक घेऊन नवं टिपण उघडायचं. ‘सेव्ह’ करायची भानगडच नव्हती.

यातली खरी गंमत वेगापेक्षा वेगळी आहे. नवं टिपण करण्याआधी शोधावंच लागतं, कारण दोन्हींचा दरवाजा एकच. त्यामुळे एकाच मोटरची तीन टिपणं तीन कोपऱ्यांत साचत नाहीत, जुन्याखालीच नवी ओळ पडते.

शोध हेच कर्सर हलवायचं साधन असावं, हा विचार त्याच्याही आधीचा. ॲपलमध्ये 1979 साली मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू करणाऱ्या जेफ रॅस्किन यांनी पुढे ‘कॅनन कॅट’ हे यंत्र घडवलं, ते 1987 मध्ये बाजारात आलं. त्याला माउस नव्हता. स्पेसबारखाली ‘लीप’ नावाची दोन बटणं होती. एक दाबून धरायचं आणि जिथे जायचं तिथली अक्षरं टाइप करायची, कर्सर तिथे उडी मारायचा. एक बटण पुढे जायला, दुसरं मागे यायला. यंत्र फार चाललं नाही. माझ्या मते कल्पना मात्र आजच्या बऱ्याच मेनूंपेक्षा शहाणी होती.

आज ‘ऑब्सिडियन’ या टिपणांच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-ओ दाबलं की ‘नोटेशनल व्हेलॉसिटी’सारखीच चौकट उघडते, फक्त ती शीर्षकं शोधते. मजकुरात शोधायचं तर कंट्रोल-शिफ्ट-एफ. म्हणून शीर्षक ऐसपैस ठेवा. ‘मोटर’ एवढंच नको; ‘टाकीची मोटर कपॅसिटर दुरुस्ती खर्च’ असं लिहा. दिसायला ओबडधोबड आहे, पण ज्या शब्दाने आठवेल त्या शब्दाने सापडतं.

आता आपल्या भाषेची अडचण. मराठी शब्द विभक्ती लागताना रूप बदलतो. ‘पाऊस’ शोधलंत तर ‘पावसात’ सापडणार नाही. ‘विहीर’ शोधलंत तर ‘विहिरीत’ हुकेल. संगणक अक्षरं जुळवतो, त्याला सामान्यरूप कळत नाही. उपाय असा की शब्द जिथपर्यंत बदलत नाही तिथेच थांबायचं: ‘पाणी’ऐवजी ‘पाण’, ‘घोडा’ऐवजी ‘घोड’. जिथे असा धड तुकडा उरत नाही तिथे दोन शब्द द्यायचे. ऑब्सिडियनमध्ये ‘पाऊस’ आणि ‘पावस’ यांच्या मध्ये इंग्रजी मोठ्या लिपीतलं ‘ऑर’ घातलं की दोन्ही येतात.

याहून छुपी अडचण ‘ॲ’ची. काही कीबोर्ड तो एक अखंड अक्षर म्हणून उमटवतात. युनिकोडमध्ये हे अक्षर 2008 साली आलं. काही कीबोर्ड मात्र ‘अ’ काढून त्यावर चंद्र ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. फोनवर लिहिलेली ‘ॲसिडिटी’ लॅपटॉपवर सापडली नाही, तर दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही.

हे निस्तरायला सगळ्या फाइलींत एकदम बदल करता यायला हवा. टिपणांचा फोल्डर ‘व्हीएस कोड’ या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि कंट्रोल-शिफ्ट-एच दाबा. वरच्या चौकटीत एका टिपणातून उचललेला जोड-‘ॲ’ चिकटवा, खालच्या चौकटीत अखंड ‘ॲ’. प्रत्येक बदल आधी यादीत दिसतो. ती यादी वाचायची असते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

मोटर दुरुस्त करणाऱ्याची नोंद मी नुसती ‘राम’ अशी करायचो. नात्यातही एक राम आहे, म्हणून एके रात्री यादी न पाहता सगळीकडे ‘राम’च्या जागी ‘राम मिस्त्री’ केलं. सकाळी टिपणांत ‘ग्राम मिस्त्रीपंचायत’ होती, ‘घराम मिस्त्रीध्ये’ होतं, आणि डॉक्टरांनी आठवडाभर सांगितला होता तो ‘आराम मिस्त्री’ झाला होता. ‘पूर्ण शब्दच शोधा’ हे बटण दाबलं असतं तर ग्रामपंचायत वाचली असती, पण मग ‘रामला’ आणि ‘रामने’ही सुटले असते. फोल्डरची आदल्या दिवशीची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून निभावलं.

तेव्हा या आठवड्यात आधी फोल्डरची प्रत काढा, मग ‘ॲ’ची दुरुस्ती करून पाहा. पुढच्या भागात फोन आणि संगणकावरची टिपणं एकमेकांशी जुळती कशी ठेवायची, ते पाहू. मोटरचं म्हणाल तर कपॅसिटर ठीक होता. उंदराने वायर कुरतडली होती.