दिंडीतील पाऊल : मानवी पादगतीचे जैवयांत्रिक विवेचन

प्रस्तावना :
शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी परभणी व संत जनाबाईंचे गंगाखेड या मार्गाने पुढे जाते. सुमारे 700 कि.मी.ची ही वाट चालणाऱ्यांत वृद्ध स्त्री-पुरुषही असतात. एवढे अंतर पाय कसे पेलतात आणि त्यांच्यावर ताण कोठे येतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पादचक्र :
एका पायाची टाच जमिनीस टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतची क्रिया म्हणजे एक पादचक्र होय. त्यातील सुमारे 60 टक्के काळ तो पाय जमिनीवर, तर 40 टक्के काळ हवेत असतो. प्रत्येक चक्रात दोनदा दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर येतात. धावताना ही स्थिती नसते.

ऊर्जेची बचत :
टेकलेल्या ताठ पायावरून शरीर उलट्या लंबकाप्रमाणे पुढे झुकते. पाऊल मध्यावर असताना गुरुत्वमध्य सर्वांत उंच व वेग कमी असतो. दोन्ही पाय टेकले असता याच्या उलट घडते. स्थितिज व गतिज ऊर्जेच्या या देवाणघेवाणीमुळे स्नायूंचे श्रम वाचतात. शिवाय पोटरीचा कंडरा ताणला जाऊन पाऊल उचलताना ती ऊर्जा परत देतो. ताशी 4 ते 5 कि.मी.च्या सहज चालीत ही बचत सर्वाधिक असते. त्याहून फार जलद अथवा गर्दीत रेंगाळत चालल्यास तेवढ्याच अंतराला अधिक श्रम पडतात.

सांध्यांवरील भार :
एका पायावर तोल असताना धड कलू नये म्हणून नितंबाच्या बाजूचे स्नायू जोराने खेचतात. तरफेच्या नियमानुसार शरीराचा भार सांध्यापासून दूर व स्नायू जवळ असल्याने स्नायूंना वजनाहून अधिक बल लावावे लागते. परिणामी सपाट रस्त्यावरही खुब्यावर व गुडघ्यावर शरीरवजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जिना उतरताना गुडघ्यावरील भार तिपटीच्या पुढे जातो. 60 किलो वजनाच्या व्यक्तीसाठी अडीच पट म्हणजे 150 किलो. पाऊल 60 सें.मी.चे धरल्यास 20 कि.मी.च्या एका मुक्कामात प्रत्येक पाय हा भार 16 हजारांहून अधिक वेळा सोसतो.

निष्कर्ष :
स्नायूंचा थकवा विश्रांतीने जातो. झिजलेली कूर्चा मात्र सहसा भरून येत नाही. म्हणून वृद्धांनी आपल्या सहज गतीने चालावे, पाठीवरील ओझे कमी ठेवावे व काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. त्या बाजूने मिळालेला थोडासा आधारही तरफेच्या लांब भुजेमुळे खुब्याचा भार बराच हलका करतो. अनेकजण काठी दुखऱ्या बाजूसच धरतात. ही सवय बदलण्यास खर्च काहीच नाही. पालखी जिल्ह्यात येण्यापूर्वी महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांनी एवढी माहिती वारकऱ्यांपर्यंत पोहोचविली, तरी या शास्त्राचा उपयोग वर्गाबाहेर होईल.