तरफेची रायफल कोणती घ्यावी?

आमच्या मंडळाच्या एका वयोवृद्ध सभासदांचे चिरंजीव पुष्कळ वर्षांपूर्वी अमेरिकेस गेले व आता पेनसिल्व्हानिया राज्यात स्थायिक होऊन तेथील नागरिक झाले आहेत. शेजारच्या शेतकऱ्याबरोबर हरणांच्या शिकारीस जाण्याचा त्यांचा मानस आहे. शिकार व निशाणाचा सराव या दोहोंस एकच रायफल पुरावी अशी इच्छा असल्याने विंचेस्टर घ्यावी की मार्लिन, असे त्यांनी वडिलांस विचारिले, व वडिलांनी ते पत्र आमच्यापुढे ठेविले. आम्ही शिकारी नव्हे, नेमबाजही नव्हे. परंतु महसूल खात्यात असताना हत्यारांच्या परवान्यांचे रजिस्टर कित्येक वर्षे आमच्या हाती होते. नळीची लांबी, बोअर व क्रमांक ताडून पाहता पाहता या विषयाच्या वाचनाची गोडी लागली. उत्तर लिहिताना जे ध्यानात आले ते येथे देत आहो. त्यातील मुख्य गोष्ट, ज्याच्या घरी कोणतीही बंदूक आहे अशा प्रत्येक खातेदाराच्या उपयोगाची आहे.

तरफेची रायफल म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. चापाभोवती जी लोखंडी कडी असते, तीच मागे लांबवून तिची तरफ केलेली असते. तीत बोटे घालून ती खाली व पुढे ढकलली म्हणजे झडलेले काडतूस बाहेर फेकले जाते व घोडा चढतो; परत मागे ओढली म्हणजे नवे काडतूस नळीत बसते. बाकीची काडतुसे मुख्य नळीच्या खाली असलेल्या दुसऱ्या बारीक नळीत एकामागे एक ओळीने राहतात व स्प्रिंग त्यांस मागे रेटीत असते. बेंजामिन टायलर हेन्री यांनी १८६० साली अशा रायफलीचे पेटंट घेतले. पुढे १८६६ साली ऑलिव्हर विंचेस्टर यांनी आपल्या नावाची कंपनी काढून हा धंदा वाढविला.

आज ज्या दोन रायफलींत निवड करण्याचा प्रसंग बहुधा येतो, त्या विंचेस्टर ९४ व मार्लिन ३३६ या होत. पहिली जॉन ब्राउनिंग या कुशल कारागिराने रचिली व १८९४ साली बाजारात आली. दुसरी १८४८ नव्हे, तर १९४८ सालची. तथापि तिचे मूळ मार्लिन कारखान्याच्या १८९३ च्या रायफलीत आहे. दोहींचे प्रसिद्ध काडतूस एकच, ते 'थर्टी-थर्टी'. पहिला तीस हा आकडा नळीच्या व्यासाचा, म्हणजे इंचाच्या शंभर भागांपैकी तीस. दुसरा आरंभी त्यात भरीत असलेल्या बिनधुराच्या दारूच्या ग्रेनांचा. ग्रेन म्हणजे सुमारे अर्धी गुंज समजावी. त्याची १७० ग्रेनांची गोळी नळीतून सेकंदास सुमारे २२०० फूट वेगाने निघते. परंतु तिचे टोक चपटे असल्याने वेग लवकर मंदावतो. म्हणून दीडशे यार्डांच्या आतच तिचा भरवसा धरावा. एक एकराच्या चौरस तुकड्याची बाजू सुमारे सत्तर यार्ड भरते. तिच्या दुपटीहून थोडे अधिक, इतके हे अंतर आहे. दाट रानात हरीण याहून दूर बहुधा दिसतच नाही, म्हणून तेथे हे काडतूस योग्य ठरले. मात्र नेम चुकला तर तीच गोळी मैलाहून पुष्कळ दूर जाते. सबब जनावरामागे मातीचा उंचवटा नसेल, तर चापास बोट लावू नये.

आता दोहींतील भेद पाहू. विंचेस्टर वजनाने सुमारे साडेसहा पौंड, अंगाने चपटी व हातात धरून चालावयास फार सोयीची. घोड्याच्या खोगिरास अडकविण्यास तिच्यासारखी दुसरी नाही. परंतु तिच्या जुन्या घडणीत झडलेले काडतूस सरळ वर उडते, त्यामुळे डोक्यावर मधोमध दुर्बीण बसविता येत नाही. ही अडचण कारखान्याने १९८० नंतरच्या दशकात काडतूस तिरपे उडेल अशी रचना करून दूर केली. १९६४ साली खर्च कमी करण्याकरिता घडणीत जे फेरफार केले, त्यांमुळे त्यापूर्वीच्या रायफलींस शौकीन लोक आजही अधिक किंमत देतात. मार्लिनचे वजन सुमारे सात पौंड. तिचा माथा बंद असून काडतूस उजव्या बाजूने बाहेर पडते. म्हणून दुर्बीण नळीवर सरळ बसते, व पाऊस-कचरा आत कमी जातो. तसेच तरफेचा एक स्क्रू काढला की आतील बोल्ट मागे निघून येतो व नळी मागच्या बाजूने पुसता येते. विंचेस्टर बहुधा तोंडाकडून पुसावी लागते. त्यात निष्काळजीपणाने गज घासला गेला, तर तोंडाजवळचे आटे झिजून नेम बिघडतो.

कारखान्यांचीही स्थिती पालटली आहे. विंचेस्टरचा न्यू हेवन येथील जुना कारखाना २००६ साली बंद पडला, व त्यानंतर ही रायफल जपानात होऊ लागली. मार्लिन रेमिंग्टनकडे गेली व २०२० साली रुगर कंपनीने ती विकत घेतली. म्हणून नुसत्या नावावर न जाता ती कोणत्या काळची आहे हे पाहूनच घ्यावी.

इतके भेद सांगितले, तरी आमच्या मते निवडीची पहिली कसोटी यांपैकी कोणतीच नव्हे. बंदूक भरते कशी, हे दुकानदार हौसेने दाखवितो. ती रिकामी कशी होते, हे आपण विचारिले पाहिजे. असे का म्हणतो, ते आमच्याच अनुभवावरून सांगतो.

परवान्यांच्या नूतनीकरणाच्या वेळी एक वयस्क खातेदार ठासणीची बंदूक घेऊन कचेरीत आले. "भाऊसाहेब, रिकामी आहे," असे त्यांनी सांगितले, व आम्ही त्यावर विसंबून ती टेबलास टेकवून ठेविली. तिचे तोंड ओटीवर बसलेल्या मंडळींकडे होते. आमच्या जुन्या शिपायांस काय वाटले कोण जाणे, त्यांनी गज नळीत सोडून पाहिला. गज जितका आत जावयास पाहिजे, त्याहून चार बोटे बाहेर राहिला. मागल्या सुगीत रानडुकरांकरिता ठासलेला बार तसाच आत होता! टोपी चढविलेली नव्हती, म्हणूनच निभावले. खातेदार विसरले, हा त्यांचा दोष. परंतु न पाहता विश्वास ठेविला, हा आमचा दोष त्याहून मोठा. त्या दिवसापासून 'रिकामी आहे' हा शब्द आम्ही कोणाचाही मानला नाही.

तरफेच्या रायफलीत हा धोका वेगळ्या रूपाने असतो. नळी उघडून रिकामी दिसली, तरी खालच्या बारीक नळीत काडतुसे असू शकतात. वरील दोन्ही रायफली रिकाम्या करावयाच्या तर तरफ पुनःपुन्हा चालवून प्रत्येक जिवंत काडतूस वर आणून बाहेर काढावे लागते. सहा काडतुसे असतील तर सहा वेळा, आणि दर वेळी घोडा चढलेला! तोंड मऊ जमिनीकडे धरावे, बोट कडीच्या बाहेर असावे, अडकवणी असल्यास लावावी, भरताना मोजलेली काडतुसे काढताना पुन्हा मोजावी, व शेवटी नळीच्या मुळाशी करंगळी घालून खात्री करावी. चढलेला घोडा जिवंत काडतुसावर अंगठ्याने हळूच उतरविणे हे तर थंडीने बधिरलेल्या किंवा हातमोजा घातलेल्या हातास फारच जोखमीचे. कुंपण ओलांडण्यापूर्वी व गाडीत बसण्यापूर्वी रायफल रिकामी केलीच पाहिजे.

त्या बारीक नळीमुळे दुसरेही एक पथ्य पाळावे लागते. एका काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडास टेकलेले असते, आणि टोपी नेमकी त्या बुडाच्या मध्यावर असते. अणकुचीदार कठीण टोकाची गोळी घातली व बार काढताना धक्का बसला, तर नळीतच काडतूस फुटण्याचा संभव असतो. म्हणून चपट्या टोकाचीच, अथवा अशा नळीकरिता मुद्दाम केलेल्या मऊ टोकाची काडतुसे वापरावी. १८९९ च्या सॅव्हेज रायफलीत काडतुसे फिरत्या चक्रात राहत, व ब्राउनिंगच्या बीएलआर रायफलीत ती सुट्या पेटीत राहतात. त्यांत अणकुचीदार गोळी चालते. आणि पेटी काढून घेता येते हा रिकामे करण्यात मोठाच लाभ आहे. परंतु पेटी काढल्यावरही नळीत एक काडतूस राहू शकते, हे विसरू नये.

निशाणाविषयी सांगावयाचे तर, पोटावर निजून नेम धरणाऱ्यास तरफ जमिनीस अडते. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकात आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तीत गुडघ्यावर, निजून व उभ्याने असे तीन प्रकारे पन्नास मीटरांवर नेम साधावयाचे असतात. तेथे पॉइंट बावीस बोअरची बोल्टची रायफलच लागते. तरफवाल्यांच्या स्पर्धा निराळ्या. त्यांपैकी एकीत कोंबडी, डुक्कर, टर्की व मेंढा यांच्या लोखंडी आकृती वेगवेगळ्या अंतरांवर मांडून उभ्याने पाडावयाच्या असतात. सरावास मात्र पॉइंट बावीसची तरफेची रायफल उत्तम. मार्लिन ३९-ए सारखीत काडतुसांची आतली नळी पुढून ओढून काढता येते, त्यामुळे ती रिकामी करणे सोपे. काडतूसही स्वस्त, व धक्का नाममात्र.

येणेप्रमाणे आम्ही चिरंजीवांस उत्तर लिहिले: एकच घ्यावयाची तर मार्लिन ३३६ घ्यावी, कारण दुर्बीण सरळ बसते व सफाई मागून होते, दिवसभर पायी हिंडावयाचे असेल तर विंचेस्टरही वाईट नाही, शक्य झाल्यास सरावास पॉइंट बावीस निराळी ठेवावी, परंतु कोणतीही असो, दुकानात बनावट काडतुसे घालून ती दहा वेळा रिकामी करून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

हे वाचून येथील कोणास अशा रायफलीची हौस वाटल्यास त्यांनी कायदा ध्यानात घ्यावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. पॉइंट बावीसची रायफल मान्य क्लबाच्या सभासदास सरावासाठी मिळू शकते. इतर रायफलीस सबळ कारण दाखवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका इसमास दोहोंहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. शिकारीस तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे. डुक्कर पिकात शिरले तरी वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून बार काढू नये.

असो. ज्यांच्या घरी आढ्याला ठासणीची बंदूक टांगलेली आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवताच मुलांस बाहेर पाठवावे, बंदूक उतरवून तोंड निर्धोक बाजूस धरावे, प्रथम कानावर टोपी नाही हे पाहावे व मग गज आत सोडून मापावा. गज चार बोटे बाहेर राहिला, तर आमचे लिहिणे कारणी लागले.