अक्षयनीवी : मुद्दल न मोडण्याचा नियम

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख कोरलेला आहे. त्यात ४२ या वर्षाचा उल्लेख असून ते शकगणनेचे मानल्यास इ.स. १२० येते. लेणे भिक्षुसंघास अर्पण केल्याचे सांगून लेख पुढे ३००० कार्षापणांच्या ‘अक्षयनीवी’ची नोंद करतो. नीवी म्हणजे मुद्दल. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली : एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक या व्याजाने; दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावयाचे होते. वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. २००० वर महिन्यास २०, म्हणजे वर्षास २४०. वीस जणांत वाटले असता प्रत्येकी बरोबर १२. मुद्दलातील एक कवडीही खर्ची पडत नाही. हे कार्षापण परत द्यावयाचे नसून त्यांचे केवळ व्याज उपभोगावयाचे आहे, अशी स्पष्ट अटही लेखात आहे.

दात्याविषयी उगाच भाबडेपणा नको. उषवदात हा राज्यकर्त्यांच्या घरातील माणूस. याच लेण्यातील लेखांत त्याने ब्राह्मणांना दिलेल्या गायींची व गावांची मोठी यादीही आहे. परंतु त्याच्या हिशेबात जे तत्त्व आहे ते आजच्या पर्यावरणीय अर्थशास्त्राचे मूळ तत्त्व होय, आणि विकसनशील देशांच्या दारिद्र्याचा विचार करताना त्याची वारंवार आठवण होते.

१९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जॉन हिक्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने उत्पन्नाची व्याख्या अशा आशयाची केली, की आठवड्याच्या आरंभी माणूस जितका संपन्न होता तितकाच अखेरीस राहून त्याला जेवढे खर्च करता येते, तेवढेच त्याचे उत्पन्न. त्यापलीकडचा खर्च म्हणजे मुद्दल मोडून खाणे. व्यापारी आपल्या यंत्राची झीज हिशेबात धरतो. राष्ट्रांनी मात्र आपल्या अरण्यांची, खनिजांची व मातीची झीज धरली नाही. लाकूड कापून विकले की राष्ट्रीय उत्पन्न वाढले. अरण्य गेले, ही गोष्ट कोणत्याही रकान्यात चढली नाही. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकास हा शब्द जगभर रूढ केला, तरी हिशेबाच्या वह्या जुन्याच राहिल्या.

हा हिशेब मांडून पाहण्याचा एक गाजलेला प्रयत्न रॉबर्ट रेपेटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली इंडोनेशियासंबंधी केला. १९७१ ते १९८४ या काळात त्या देशाचे उत्पन्न दरवर्षी सरासरी ७.१ टक्क्यांनी वाढल्याचे सरकारी आकडे सांगत होते. खनिज तेल, इमारती लाकूड आणि जावा बेटावरील धूप झालेली माती यांची घट वजा केल्यावर हा दर ४ टक्क्यांवर आला. ज्याला वाढ म्हटले जात होते त्याचा मोठा भाग घरातील तुळया विकून आलेला पैसा होता. राष्ट्रीय हिशेबाची जी आंतरराष्ट्रीय पद्धती २०२५ साली स्वीकारली गेली, तिच्यात नैसर्गिक संपत्तीचा ऱ्हास हा उत्पादनाचा खर्च म्हणून धरला आहे. रेपेटोंच्या अहवालानंतर त्यासाठी छत्तीस वर्षे जावी लागली!

तुळया विकून आलेला पैसा निधीत ठेवला तर मुद्दल राहिले असे म्हणता येईल काय? रॉबर्ट सोलो व जॉन हार्टविक यांचे उत्तर होकारार्थी आहे. खनिजापासून मिळणारा सारा नफा यंत्रांत, शाळांत, कारखान्यांत गुंतवा. एका रूपातील भांडवल दुसऱ्या रूपात राहते, असे हार्टविक यांनी १९७७ साली मांडले. हर्मन डॅली यांचा पक्ष वेगळा होता. मासेच संपले तर अधिक होड्या बांधून काय उपयोग, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

या वादाची परीक्षा पॅसिफिक महासागरातील नाउरू बेटावर झाली. अवघ्या २१ चौरस किलोमीटरच्या या बेटाचे मधले पठार उत्तम प्रतीच्या फॉस्फेटचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून परकीय सत्तांनी ते खोदून आपल्या शेतांना खत म्हणून नेले. १९६८ साली नाउरू स्वतंत्र झाले, १९७० साली खाणी त्याच्या हाती आल्या आणि काही काळ तेथील माणशी उत्पन्न जगातील अत्यंत श्रीमंत देशांच्या बरोबरीचे झाले. फॉस्फेट संपणार हे नाउरूवासीयांना ठाऊक होते व त्यांनी निधीही स्थापला होता. म्हणजे अक्षयनीवी होती. तिचे पुढे काय झाले? मेलबर्नमध्ये उंच इमारत बांधली, परदेशांत मालमत्ता घेतल्या, १९९३ साली लंडनमध्ये लिओनार्दो दा विंची याच्यावरील एका संगीत नाटकातसुद्धा पैसा घातला, आणि ते अल्पावधीत बंद पडले. पुढे निधीवर कर्जे काढली गेली. मेलबर्नची इमारत २००४ साली विकावी लागली. बेटाच्या बहुतांश भागावर आता खोदलेल्या चुनखडकाचे सुळके उभे आहेत. तेथे शेती होत नाही. २००१ पासून ऑस्ट्रेलियाने नाकारलेल्या आश्रयार्थींना ठेवून घेणे हे या देशाच्या उत्पन्नाचे एक साधन झाले. २०१५ साली नाउरूने भावी पिढ्यांसाठी पुन्हा नवा निधी उभारला. परंतु या वेळी त्यात घालण्यास डोंगर उरलेला नव्हता.

नाउरूचा निधी का बुडाला आणि उषवदाताच्या लेखात कोणती खबरदारी आहे, हे ताडून पाहण्यासारखे आहे. गोवर्धनच्या श्रेणींकडील पैसा विणकरांच्या मागांवर राबत होता. शिवाय हे दान निगमसभेत जाहीर केले व रीतीप्रमाणे फलकावर नोंदले, असे लेखच सांगतो. ज्या मुद्दलाची घोषणा नगरसभेत झाली ते गुपचूप गहाण टाकणे सोपे नसते.

विनयपिटकात तर याहून कठोर नियम आढळतो. चुल्लवग्गाच्या सेनासनखंधकात संघाच्या पाच प्रकारच्या वस्तू ‘अविस्सज्जिय’ व ‘अवेभंगिय’, म्हणजे देऊन टाकता न येणाऱ्या व वाटून घेता न येणाऱ्या, ठरविल्या आहेत. आराम व त्याची जमीन, विहार व त्याची जमीन ह्या तर आहेतच. पण वेली, बांबू, गवत व माती यांचाही समावेश आहे. संघाने, गणाने वा व्यक्तीने त्या देऊन टाकल्या तरी त्या दिल्या गेल्या असे होत नाही. किटागिरीच्या भिक्षूंनी संघाचे निवासस्थान आपसांत वाटून घेतले, तेव्हा वाटणीविरुद्धचा नियम झाला. कारण उघड आहे. अनाथपिंडिकाने जेतवन अर्पण केले ते ‘आगत-अनागत’ चातुद्दिस संघास, म्हणजे आलेल्यांस आणि अजून यावयाच्या भिक्षूंस. जो अजून आला नाही त्याची संमती घेता येत नाही. म्हणून त्याच्या वाट्याला हातच लावावयाचा नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याला पिढ्यापिढ्यांमधील न्याय म्हणतात त्याचे इतके नेमके विधिरूप मला अन्यत्र क्वचितच दिसले. हा नियम संघाच्या मालमत्तेचा होता, राज्याच्या अरण्यांचा नव्हे. प्राचीन बौद्धांस पर्यावरणशास्त्र अवगत होते, असे त्यावरून ठोकून देण्याचा मोह टाळावा.

अक्षयनीवीची कल्पना आपल्या शेजारीच, गोव्यात, न्यायालयाच्या आदेशाने आली. तेथील लोहखनिजाचे उत्खनन २०१२ साली थांबले. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक उत्खननास २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीमूल्याचे १० टक्के एका कायमस्वरूपी निधीत ठेवावेत असे सांगितले. हा निधी भावी पिढ्यांसाठी आहे. याचिकाकर्त्या चळवळीचे म्हणणे याहून पुढचे आहे. खनिज ही जनतेची मालमत्ता असल्याने उत्खननाचा खर्च व वाजवी नफा वगळून उरणारे सर्व मूल्य मुद्दलात जावे, आणि महागाई वजा जाता उरणारे उत्पन्न प्रत्येक नागरिकास सारखे वाटावे. १० टक्के आणि ‘सर्व’ यांतील अंतर हाच खरा वाद आहे.

व्याज कोणाच्या पानात पडते, याबाबत शाश्वत विकासावरील बरेचसे लेखन मौन पाळते. खनिजप्रधान जिल्ह्यांत मुद्दल आदिवासींच्या पायाखाली असते, उपभोग दूरच्या शहरांत होतो, आणि खड्डा गावात राहतो. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. जुन्या पट्ट्यांवरील स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी आणि नव्या पट्ट्यांवर १० टक्क्यांइतकी रक्कम त्यांत जमा करावयाची असते. बाधितांना काही मिळू लागले हे मान्य केले पाहिजे. परंतु हा पैसा मुख्यतः पाणी, रस्ते, इमारती अशा चालू कामांसाठी आहे. भावी पिढ्यांसाठी तो प्रायः शिल्लक राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न मानता गावकऱ्यांस कसण्यासाठी द्यावी असे सुचविले, त्यातही मुद्दल सामूहिक व उपभोग समान हाच आग्रह होता. उषवदाताच्या लेण्यातील व्याजसुद्धा कोणा एका निकायासाठी राखीव नव्हते. कोठूनही आलेला, कोणत्याही पंथाचा भिक्षू वर्षावासास राहिला की त्याचे बारा कार्षापण ठरलेले. आज गडचिरोलीच्या सुरजागड डोंगरातून लोहखनिज निघत आहे. त्या डोंगराचे वीस भिक्षू कोण, हे खनिज संपण्यापूर्वी फलकावर लिहिले गेले पाहिजे.